एप्रिलमधला हिरवा ठिपका

गुरुवारी रात्री जेवणं झाली, ओटा आवरला, लेकीचं दप्तर भरून झालं की मी लॅपटॉप घेऊन बसते आणि तोरण्याच्या पश्चिमेची धार उघडते. गूगल अर्थवर. मोहरी, सिंगापूर ही घाटमाथ्यावरची गावं, तिथून दक्षिणेकडे सरकत सरकत केळदपर्यंत, जिथं देश संपतो आणि खाली एकदम कोकण लागतं ती सगळी कड. शनिवारी निघायचं असो वा नसो, हे बघणं ठरलेलं आहे, गेली नऊ वर्षं. एप्रिलचा फोटो लावला की सगळं रान भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं दिसतं, मधेमधे वणव्याचे काळे डाग, आणि त्यात कुठंतरी एखाद्या नाळेच्या, म्हणजे कड्यातून खाली उतरणाऱ्या घळीच्या, तोंडाशी एक बारीकसा हिरवा ठिपका असतो. नखाएवढा. तो सापडला की माझी झोप उडते.

कारण एप्रिलमध्ये हिरवं म्हणजे पाणी, दुसरं काही नाही. नोव्हेंबरच्या फोटोत सगळंच हिरवं असतं, तो बघायला छान वाटतो पण त्यातून कळत काहीच नाही. मला कोणी विचारलं ना की नकाशावरून कॅम्पची जागा कशी शोधायची, तर मी पहिली गोष्ट सांगते की जागा नंतर बघ, आधी फोटोची तारीख बघ. खाली कोपऱ्यात लिहिलेली असते. आणि वरचं ते घड्याळाचं बटण, ज्यानं जुने फोटो दिसतात, ते २००९ पासून आहे पण मी कितीतरी लोक बघितलेत ज्यांनी ते कधी दाबलेलंच नाही. एकाच जागेचे चार-पाच वर्षांचे फोटो ओळीनं बघा. जो ठिपका दर उन्हाळ्यात हिरवा राहतो तो खरा. जो एकाच वर्षी हिरवा दिसतो, त्या वर्षी अवकाळी झाला असेल, त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा. बऱ्याचदा एकाच धारेवर दोन फोटो शिवलेले असतात, अलीकडची बाजू ऑक्टोबरची आणि पलीकडची मार्चची, मधे सरळ रेघ. नवीन माणसाला वाटतं अलीकडे जंगल आहे आणि पलीकडे उघडा बोडका डोंगर. तसं काही नसतं, फक्त महिना बदललेला असतो.

हे मी शिकले ते आजोबांकडून, आणि आजोबांनी आयुष्यात उपग्रहाचा फोटो बघितला नव्हता.

आईचे वडील. महाड तालुक्यातलं गाव, ह्याच धारेच्या खाली. तरुणपणी ते शिकारीला जायचे, गावातले दहा-बारा जण मिळून, ठासणीची एक बंदूक आणि बाकीचे हाकारे. डुक्कर मुख्य. वऱ्या-नाचणीची नासाडी करायचं ते, आणि मटण सगळ्या गावात वाटलं जायचं, अगदी जी घरं शिकारीला आली नाहीत त्यांनाही वाटा जायचा. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे सगळं बंद झालं. आजोबांनी बंदूक जमा करून टाकली. मी लहान असताना मे महिन्यात गावी गेले की ते अंगणात राखुंडीनं नाहीतर काटकीनं रान काढून दाखवायचे. ही धार, ही नाळ, हा पाणवठा, इथं खिंड. आणि मग प्रश्न विचारायचे, ‘आता सांग, दुपारच्याला डुकार खय बसंल?’ मी कुठंतरी बोट ठेवायचे. ते म्हणायचे नाय, तिथं ऊन येतं. सकाळी सावली कुठं, दुपारी कुठं, पाण्याला कुठून उतरेल, वारा कुठून येतो, हे सगळं विचारत विचारत माझं बोट ते बरोबर जागेवर आणून ठेवायचे. एक वाक्य कायम असायचं, ‘जनावर पाण्याला चुकत नाय.’

शिकार बंद झाली ते बरंच झालं, असं मी अगदी मनापासून म्हणते आणि आजोबाही शेवटी शेवटी तेच म्हणायचे, की आमच्या वेळेला रानात होतं तेवढं आता उरलंच नाही तर मारायचं काय. पण ती नजर, रान वाचायची, ती बंदुकीबरोबर जमा करायची गरज नव्हती. ती मला मिळाली आणि मी ती स्क्रीनवर वापरते.

मधे मला कळलं की अमेरिकेत शिकारी लोक नेमकं हेच करतात. तिथं लायसन घेऊन, ठरलेल्या सीझनमध्ये हरणाची, एल्कची शिकार कायदेशीर आहे, आणि सीझनच्या आधी महिनोन्‌महिने ही मंडळी घरी बसून उपग्रहाचे फोटो आणि कंटूर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेघा, बघत असतात, त्याला ते ई-स्काउटिंग म्हणतात. कोणती जमीन सरकारी, कोणती खाजगी हे दाखवणारी ॲपसुद्धा आहेत त्यांच्याकडे. मी त्यांचे खूप व्हिडिओ बघितले. सॅडल म्हणे. दोन शिखरांच्या मधे जिथं धार खाली झुकते तिथून जनावर डोंगराच्या ह्या बाजूचं त्या बाजूला जातं, कारण त्यालाही कमी चढ हवा असतो. मी बघतच राहिले. ही तर आपली खिंड! आजोबा तिथंच माणूस बसवायचे. माँटानातला माणूस आणि महाडचा माणूस एकमेकांना कधी भेटले नाहीत आणि दोघांचं बोट नकाशावर एकाच जागी पडतं, मला ह्याचं फार बरं वाटलं त्या दिवशी.

बरं, आता प्रत्यक्ष फोटो वाचायचा कसा.

सह्याद्रीत पहिला घोळ सावलीचा होतो. हे उपग्रह आपल्यावरून सकाळी साधारण साडेदहाच्या सुमारास जातात, सेंटिनेल-२ तर नक्कीच, बाकीचेही बरेचसे त्याच वेळेचे. त्या वेळी सूर्य असतो पूर्वेला, हिवाळ्यात आग्नेयेला. आणि आपले कडे तोंड करून उभेत पश्चिमेला, कोकणाकडे. म्हणजे फोटो काढायच्या वेळेला नेमकी कड्याची बाजू अंधारात. ज्या नाळेतून उतरायचं, ज्या कपारीत पाणी असेल, ते सगळं फोटोत काळंकुट्ट. सुरुवातीला मी एका काळ्या डागाला कुंड समजून तिथं पिन टाकली होती, आकारही अगदी कुंडासारखा, आणि गेलो तर तिथं साठ फुटांचा कातळ आणि त्याची सावली, पाण्याचा थेंब नाही. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या महिन्यांचे फोटो बघितल्याशिवाय मी पाणी म्हणत नाही. सावली महिन्याप्रमाणे सरकते, लांब-आखूड होते, पाणी जागेवर असतं.

दुसरा घोळ ह्यातूनच येतो. कधी कधी फोटो बघताना धार दरीसारखी दिसायला लागते आणि दरी धारेसारखी, आणि एकदा तसं दिसलं की डोळा सोडतच नाही. कारण आपल्या डोळ्याला उजेड वरून पडायची सवय, आणि उत्तर वर ठेवून बघितलं तर ह्या फोटोत उजेड खालच्या बाजूनं येतो. उपाय सोपा आहे, फोटो उलटा फिरवा, दक्षिण वर. लगेच सगळं जागच्या जागी येतं. मी कितीतरी वेळा सगळा प्लॅन उलट्या नकाशावरच करते.

मग खडक. आपला डोंगर म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून तर तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल मातीचा पट्टा असतो, गेरूसारखा. पाऊस वरच्या थराच्या भेगांतून झिरपत झिरपत खाली येतो आणि खालचा टणक थर लागला की त्याला पुढं जाता येत नाही, तो आडवा सरकतो आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतो. म्हणून झरे एका रेषेत सापडतात. गडावरची कोरलेली टाकी बघा, कितीतरी ठिकाणी ती अशाच पट्टीच्या आसपास आहेत, ज्यांनी ती खोदली त्यांना हे कळत होतं. फोटोत ही पट्टी म्हणजे कड्याच्या कमरेला बांधल्यासारखी झाडांची एक बारीक ओळ दिसते. एका नाळेत त्या उंचीवर ठिपका सापडला तर मी शेजारच्या नाळेतही तीच उंची धरून शोधते. बऱ्याचदा मिळतो. उंबर, जांभूळ, करंज असली झाडं असतात तिथं, अर्थात वरून झाडाची जात कळत नाही, नुसती गर्द कडा कळते.

लहान कुंड फोटोत दिसत नाही हेही सांगून ठेवते. सेंटिनेलचे फोटो फुकट मिळतात, पाच-पाच दिवसांनी नवीन येतो, पण त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. बैलगाडीएवढं पाणी त्यात हरवून जातं. त्याचा उपयोग वेगळा, इन्फ्रारेडचा लेयर लावला की ओली झाडं लालभडक दिसतात आणि वाळलेलं गवत फिकट, मग दहा किलोमीटरची धार एका नजरेत चाळता येते आणि जिथं लाल दिसलं तिथं गूगल अर्थवर जाऊन नीट बघायचं, तिथं झूम केलं की दगडन्‌दगड दिसतो. आणि चढ-उतार मात्र मी मोबाईलच्या कंटूरवर सोडत नाही. त्यातले बरेचसे कंटूर २००० सालच्या फेब्रुवारीत एका अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं मोजलेल्या उंचीवरून काढलेले असतात, कामगिरी मोठीच, पण सरळसोट कडा त्या आकड्यांमध्ये गुळगुळीत उतार होऊन जातो. सर्व्हे ऑफ इंडियाचं शीट बघा. ह्या भागासाठी ४७ एफ. त्यावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दर वीस मीटरला एक रेघ, आणि जिथं कडा आहे तिथं रेघा एकमेकींना चिकटतात. ज्यांनी ती शीटं पायी फिरून केली त्यांनी वाटाही मारल्यात तुटक रेघांनी, त्यातल्या निम्म्या आता कारवीत बुजल्यात पण वाट होती म्हणजे तिथून माणूस उतरत होता, एवढं तर कळतं.

आणि माणसं. माणसं सगळ्यात छान दिसतात वरून. धनगरवाड्याभोवतीची जमीन गुरांच्या पायांनी पांढुरकी झालेली असते. उतारावर समांतर बारीक रेघा म्हणजे गुरांच्या वाटा, त्या कुठंच नेत नाहीत, चरायला फिरवतात, पण त्यांना तोडून जाणारी एक एकटीच रेघ असेल, धारेच्या खालच्या खांद्यावरून पलीकडे जाणारी, तर ती माणसाची वाट. एप्रिल-मेमध्ये शेतात काळे चौकोन म्हणजे राब भाजलाय, रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार केलीय. आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या फोटोत घराशेजारी एक फिकट गोल दिसतो, अगदी कंपासनं काढल्यासारखा, पाच-सहा मीटरचा. ते खळं. नाचणी झोडपायला सारवलेलं. खळं दिसलं की समजायचं घर जितं आहे, कुणीतरी आहे तिथं विचारायला.

आता ती रात्र सांगते.

सहा वर्षांपूर्वी, एप्रिलचा पहिला आठवडा. मी, माझी ऑफिसमधली मैत्रीण आणि तिचा धाकटा भाऊ. हिरवा ठिपका मी शोधलेला, चार वर्षांचे फोटो ताडून, सावलीची खात्री करून. जागेचं नाव लिहीत नाही, का ते पुढं येईल. दुपारी चारला पोचलो आणि खरंच पाणी! कातळात एक कुंड, काठाला उंबर, वर झाडी, आणि आत थंडगार पाणी, बेडकाची पिल्लं पळतायत. मला रडूच यायचं बाकी होतं. लॅपटॉपवर बघितलेला ठिपका आणि त्याची ओल तुमच्या हाताला लागते, ते काय असतं ते सांगता येत नाही. आम्ही तिथंच टेंट लावला. कुंडापासून पंधरा पावलांवर, कारण पाणी जवळ, सावली जवळ, भांडी घासायला सोपं. स्टोव्हवर खिचडी केली, दहा-साडेदहापर्यंत गप्पा, टॉर्च चालूच.

साधारण अकराला वरच्या उतारावरून भुंकल्यासारखा आवाज यायला लागला. एकच, कडक. मग दोन-तीन मिनिटं गप्प. मग परत. भेकर. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं दगड घरंगळले, पाचोळा वाजला, डुकराचं फुरफुरणं ऐकू आलं, आणि आम्ही, खरं तेच सांगते, आम्ही खूश झालो. जंगलात आलो आणि जंगल आपल्याभोवती आहे असं वाटलं. आवाज आला की त्या दिशेला टॉर्च मारायचो. एकदा डोळे चमकले. भेकर पहाटे तीनपर्यंत ओरडत होतं, जागा बदलून बदलून, आणि मग थांबलं.

सकाळी मी तोंड धुवायला गेले आणि कुंडाच्या काठचा चिखल बघितला. त्यावर खुरांचे ठसेच ठसे होते, एकावर एक, भेकराचे बारीक टोकदार, डुकराचे रुंद, साळिंदराचा एक काटा पडलेला, पण सगळे जुने, कडा सुकून फुटलेल्या. ताजा एकही नाही. मग मी वर चढून गेले, जिथून आवाज येत होता तिथं. आमच्या टेंटपासून तीस-चाळीस पावलांवर मऊ मातीत ताजे ठसे होते. उतरलेले, थांबलेले, एका जागी माती तुडवलेली, आणि परत फिरलेले. तीन ठिकाणी तसंच. आख्खी रात्र ते जनावर पाण्यावर यायला बघत होतं आणि आम्ही पाण्यावर झोपलो होतो. त्या दिवसांत आजूबाजूला तीन किलोमीटरमध्ये दुसरं पाणी नव्हतं, ते मीच नकाशावर तपासलं होतं की. तेवढ्यासाठीच तर तो ठिपका मला एवढा आवडला होता.

आजोबा आठवले. जनावर पाण्याला चुकत नाय. त्यांनी हे मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी त्यातून फक्त पाणी कसं शोधायचं एवढंच घेतलं होतं.

उतरताना वाट विचारायला एका धनगरवाड्यावर थांबलो, तेच खळ्याचं घर जे मी फोटोत बघून ठेवलं होतं. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, करवंदाच्या पाट्या विणत. पाणी दिलं, गूळ दिला. कुठं राहिलात रात्री, विचारलं. सांगितलं.

‘पान्यावर?’ हातातली कामटी तशीच धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ‘पान्यावर कुनी झोपतं व्हय, बाय? मंग जनावरं कुठं गेली रातच्याला?’

मी म्हटलं आजी, कळलं सकाळी. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आमी बी म्हशी सांजच्या आत पाजून वर आनतो. दिस बुडला का पानी त्यांचं.’ आणि परत विणायला लागल्या.

मग मी तिथं दोन तास बसले. मोबाईल काढून त्यांना फोटो दाखवला, ऑफलाईन सेव्ह केलेला, त्यांना पहिल्यांदा काही लागेना, मग त्यांना त्यांचं खळं दाखवलं, आणि एकदा खळं सापडलं तशा त्या बोटानं सरळ चालायलाच लागल्या नकाशावर. इथनं लिंगडीचा वढा, इथं आंबा, इथं आमची गाय पडली व्हती. माझे ठिपके एकेक करून विचारले. हे पाणी? ‘त्ये होळीपतोर. म्होरं नुसता चिखूल.’ हे? ‘ह्ये पाडव्यापतोर ऱ्हातंय, पर डुकरं घान करत्यात.’ आणि आम्ही राहिलो ते? ‘त्ये मिरगापतोर. माजी सासू सांगायची, आटल्यालं कुनी बघितलं न्हाई.’ मी घरी येऊन पिनांची नावं बदलली. आधी तिथं अक्षांश-रेखांश आणि उंची लिहिलेली असायची. आता होळीपर्यंत, पाडव्यापर्यंत, मिरगापर्यंत अशी लिहिलेली आहेत आणि एवढी बरोबर माहिती मला दुसऱ्या कशातूनही मिळालेली नाही.

तेव्हापासून मी एक शिकले, वाट विचारायची तर गड्यांना विचारावी, ते सरपणाला, गुरांमागं, बाजाराला हिंडतात. पण पाणी बायकांना विचारायचं. डोक्यावर हंडा घेऊन जिनं वैशाखात फेऱ्या मारल्यात तिला प्रत्येक झऱ्याची करंगळी झालेली माहिती असते. पुरुष सांगतात हाये की पानी वर, बारमाही. बाई सांगते हाये, पर हंडा भराया येळ लागतो.

मग आता मी काय करते. पाणी शोधते तशीच, अगदी शिकाऱ्यासारखी. दुपारी जनावर कुठं बसेल, कुठल्या नाळेनं उतरेल, कुठली खिंड वापरेल, सगळं आजोबांच्या पद्धतीनं बोट ठेवून ठेवून काढते. आणि मग ह्या सगळ्यापासून लांब टेंटची जागा बघते. पाण्यापासून सरळ रेषेत कमीत कमी तीनशे मीटर, नकाशावरची पट्टी लावून मोजून. पाण्याला येणाऱ्या उतारावर नाही, खिंडीत नाही. खिंडीत तसाही वारा झोपू देत नाही, टेंटच्या काठ्या वाकतात. सूर्य मावळायच्या आत पाणी भरून घ्यायचं, भांडी घासायला तिथं जायचं नाही, आणि एकदा वर आलं की सकाळी उन्हं येईपर्यंत खाली उतरायचं नाही. जागा बघायची ती कंटूर लांब लांब असलेली, पश्चिमेला झाडाची एक फळी, ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही कारण एप्रिल-मेचा वळीव वर कुठंतरी पडतो आणि कोरडा ओढा काही वेळात भरतो. बाई म्हणून मी आडोसाही बघते, सकाळी लांब न जाता मिळेल असा, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितेय.

कड्याच्या बुडाशीही नाही. तिथं आग्या मोहोळ असतात आणि ती कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. धूर झाला, डिओचा वास गेला, कुणी मोठ्यानं आरोळी ठोकली की संपलं. वणव्याचंही तसंच, फेब्रुवारीपासून गवत पेटायला निमित्त पुरतं, म्हणून मी शेकोटी करतच नाही, थंडी वाजली तर जास्तीचा स्वेटर.

आणि परवानगी. भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ताम्हिणी, ही अभयारण्यं आहेत, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री राहायचं नाही, आणि अभयारण्याची हद्द गूगलवर नीट दिसेलच असं नाही. बाहेरचं रानही बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचं असतं, नाहीतर देवाचं. देवराई तर फोटोत सगळ्यात मोहात पाडते, भर उन्हाळ्यात गोल गर्द हिरवी, आत हमखास पाणी. तिथं राहायचं नाही. गावानं एवढी वर्षं जिथली काटकी उचलली नाही तिथं आपण टेंटच्या खुंट्या ठोकायच्या हे मला तरी जमत नाही.

जागा मी का सांगत नाही, तर हे असं आहे. मला महिन्याला पाच-सहा मेसेज येतात, ताई लोकेशन टाका ना. मी वाचायचं कसं ते सगळं सांगते, वर सांगितलंच, हातचं राखून ठेवलेलं काही नाही. पण ‘मिरगापर्यंत’वाली पिन मी कुणाला पाठवत नाही. एकदा ती पाठवली की ती कुठं जाईल ते माझ्या हातात नाही. एका लाँग वीकेंडला तिथं चाळीस टेंट लागले तर एका रात्रीत नाही, ओळीनं तीन रात्री ते पाणी बंद होईल. आणि चोरून शिकार करणारे अजून आहेत. वाघुरी, म्हणजे जाळी लावणारे, पाण्यावर दबा धरणारे. त्यांनाही जनावर पाण्याला चुकत नाही हे माहितीये. उन्हाळ्यातला शेवटचा पाणवठा कुठं आहे, कुठल्या बाजूनं जनावर उतरतं, एवढं अचूक लिहून ठेवलेली पिन म्हणजे त्यांच्या हातात तयार चिठ्ठी. आजोबांच्या काळी ही माहिती मिळवायला पंधरा वर्षं रान तुडवावं लागायचं, मला चार रात्री पुरल्या. म्हणून जास्त सांभाळते.

ह्या वर्षी मार्चमध्ये लेकीला घेऊन गेले, ती अकरा वर्षांची आहे. तिनंच जागा काढली होती, मी फक्त विचारत होते, सकाळी ऊन कुठून, वारा कुठून. आम्ही साडेतीनशे मीटर लांब, धारेच्या अलीकडच्या सपाटीवर राहिलो, टॉर्च नऊला बंद. रात्री एकदाही भेकर ओरडलं नाही. पहिल्यांदा तिला वाईट वाटलं, म्हणाली काहीच आलं नाही. सकाळी आठला पाण्यावर गेलो. चिखल ओला होता आणि त्यावर ताजे ठसे, कडा धारदार, एका ठशात अजून पाणी झिरपत होतं. ती उकिडवी बसून मोजत होती, भेकर दोन, एक मोठं एक बारकं, डुकरं किती ते मोजता येईना, आणि एका बाजूला मांजरासारखा पण तिच्या पंज्याएवढा एक ठसा. तिनं हात शेजारी ठेवून बघितला, लावला नाही. मला म्हणाली फोटो काढू का, मी म्हटलं काढ, पण लोकेशन बंद कर आधी.

परतताना आजींचं घर बंद होतं. कडीला कुलूप नव्हतं, नुसती दोरी बांधलेली, म्हशीही नव्हत्या. वाटेत कुणी भेटलं नाही विचारायला. त्या वयाच्या आहेत, ऐंशीच्या घरात असतील, गाडीत बसल्यावरही माझ्या डोक्यातून ते जाईना. आणि घाईघाईत मी खळ्याकडे बघितलंच नव्हतं.

घरी आले, लेक झोपली, आणि मी लॅपटॉप उघडला. गूगल अर्थवर त्या भागाचा फोटो तेव्हा जुनाच होता, पण गेल्याच महिन्यात नवीन आलाय. खाली तारीख बघितली, ह्याच वर्षीचा, फेब्रुवारी. धार शोधली, आंबा शोधला, घर दिसलं, छपरावर निळं प्लास्टिक टाकलेलं, ते आधी नव्हतं. आणि अंगणाच्या उजव्या अंगाला तो फिकट गोल, तेवढाच, तसाच कंपासनं काढल्यासारखा.

ह्या वर्षीही सारवलंय.